बोटाला सुई कळेना

माधवनगरात खादीचं जाकीट शिवायचं तर केरबा शिंप्यानं, आणि त्याची काजं करायची रंगूबाईनं, हे ठरलेलं. मशीनचं काज हातमागाच्या कापडात टिकत नसे. दोन धुण्यांत धागे सुटून बटण निसटायला लागे. रंगूबाई आधी खडूच्या रेघेभोवती बारीक धावदोरा घाली, मग कात्रीचं टोक लावी आणि धागा हलायच्या आत मेण लावलेल्या दोऱ्यानं कडा बांधून टाकी. कापडाखाली डाव्या हाताचं बोट असे. सुई कुठं निघतेय ते बोटाला आधी कळे, डोळ्यांना मागून.

१९९४च्या थंडीत केरबानं एक पांढरं जाकीट तिच्यापुढं पसरलं. प्रत्येक काजामागं रक्ताचा ठिपका होता.

"आक्का, सुई टोचली काय?"

"न्हाई बा."

तिनं बोट उजेडात धरलं. सात-आठ टोचे होते. एकही दुखला नव्हता.

त्याच आठवड्यात भाकरी भाजताना सून रेश्मा म्हणाली, "आत्याबाई, हात काढा, तव्याला लागलाय." कातडी जळल्याचा वास रेश्माला आला होता. रंगूबाईला फोड दिसला तेवढाच.

तिच्या कोपराजवळ दोन वर्षांपासून फिकट चट्टा होता. घरात कुणी नसताना तिनं त्यावर सुई टेकवली. काहीच कळलं नाही.

तिच्या माहेरी, म्हसवडला, तिच्या लहानपणी धोंडुबाई नावाच्या बाईला असाच चट्टा उठला होता. तिला रानात खोपीत ठेवलं. घरची माणसं भाकरी दगडावर ठेवून मागं न बघता परत यायची. एकदा भाकरी तीन दिवस तशीच राहिली, तेव्हा ती गेल्याचं गावाला कळलं.

रंगूबाईनं तोंड मिटलं. लांब बाह्यांची पोलकी घातली, बोटाला चिंधी बांधली. स्वतःचं ताट-तांब्या वेगळा केला. नातीला मांडीवर घेईना. काजं सैल पडू लागली, केरबाकडून येणारी कामाची पिशवी दर खेपेला हलकी होऊ लागली. पुढच्या दिवाळीच्या आसपास करंगळी आत वळली आणि सरळ होईना.

एका सकाळी रेश्मा समोर येऊन बसली. "ताट का वेगळं मांडताय? माझं काय चुकलं?"

"तुजं काय न्हाई गं. तू लांब हो."

रेश्मानं तिची बाही वर सारली. चट्ट्याकडं बराच वेळ बघितलं आणि उठली. आता ही दार ओढून घेणार, असं रंगूबाईला वाटलं. रेश्मा धुतलेलं लुगडं घेऊन आली.

"साडेनऊची सांगलीची गाडी हाय. नेसा."

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले. "कापूस लावतोय. कळलं की सांगा." ती वाट बघत राहिली.

"झालं. उघडा डोळे," ते म्हणाले.

"लावलासा कवा?"

त्यांनी कुष्ठरोग म्हणून सांगितलं. गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या चालू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, घरात सगळ्यांसोबत जेवा, असंही बजावलं.

"आन् बोटं?"

"लवकर यायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

गोळ्या संपल्या, रोग थांबला. बोटं तशीच राहिली. रेश्मानं केरबाला सगळं स्वतः सांगितलं. तो मान खाली घालून कात्री पुसत राहिला. दोन महिने त्याच्याकडून काही आलं नाही. मग एक जाकीट आलं. रेश्मा उंबऱ्यात काजं करायला बसली, आणि रंगूबाई शेजारी बसून सांगू लागली, "हळू. आधी धावदोरा घाल, मग काप."