उजाडलं की सुई

मी लातूरला निघाले त्या दिवशी दारातला मांडव अजून उतरला नव्हता. धाकट्या भावाचं, बसवराजचं, लग्न होऊन चारच दिवस झाले होते. लोह्याच्या स्टँडवर माय मला सोडायला आली ती नव्या सुनेला, महादेवीला, सोबत घेऊनच. लातूर जिल्हा नवा झाला होता, दवाखान्यात नर्सची भरती निघाली होती आणि आमच्या गावातून नोकरीला निघालेली पहिली मुलगी मी होते. माय रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "जाय बिनघोर. ही आली न्हाई का, घर भरलेलंच हाय." एसटी हलली तेव्हा दोघी बोलत बोलत परत फिरल्याही होत्या. माझा जळफळाट तिथूनच सुरू झाला, हे आधीच कबूल करून टाकते.

त्या बोलत होत्या कानडीत. माय उदगीरच्या पलीकडची. लग्न होऊन इकडे आली आणि तिची कानडी तोंडातच राहिली. आम्हा भावंडांना तिनं ती शिकवली नाही, आम्हीही कधी विचारलं नाही. महादेवी तिच्याच माहेरच्या बाजूची. मी सुट्टीत गेले की त्या चुलीपाशी कशावरून तरी हसत असायच्या आणि मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. माझं मराठी तोवर बरंच शहरी झालं होतं. मी दवाखान्यातलं काही सांगू लागले की माय "हाव, हाव" म्हणायची, कळो न कळो.

दोन वर्षांनी मायला साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, तेव्हा इन्शुलिन लिहून दिलं. मला मनातून बरं वाटलं. तिच्या दुखण्याचं नव्हे, आता तिला माझ्यावाचून चालणार नाही याचं. वॉर्डात मी रोज हेच तर शिकवत होते. मायला अक्षरओळख नव्हती, म्हणून पुठ्ठ्यावर चित्रं काढली. उगवता सूर्य, शेजारी सुई, पुढं भाकरीचं ताट. काचेच्या सिरिंजवर औषध जिथवर ओढायचं तिथं नखरंगाची लाल रेघ मारली. "उजाडलं की सुई, अर्ध्या तासानं जेवण," असं चारदा बजावलं. महादेवीनंही पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. तिला मराठी वाचता येत नव्हतं, बोलणंही अडखळत. मी तिला काही समजावलं नाही. लेक धडधाकट असताना सुनेला कशाला, असा माझा तोरा होता.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. टँकर दहाला यायचा, कधी अकराला. माय अंघोळ करून लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही, आणि अंघोळीचं पाणी टँकरमध्ये. पण माझं चित्र ती इमानेइतबारे पाळत होती. उजाडलं की टोचून घ्यायची आणि मग घागर घेऊन रांगेत. एक दिवस रांगेतच खाली बसली. घामानं चिंब, हात थरथरणारे, बोलणं असंबद्ध. महादेवीनं गुळाचा खडा तोंडाशी नेला तर मायनं दात आवळले, कारण पूजा व्हायची होती. मग महादेवी तिच्या कानाशी कानडीत काहीतरी बोलली आणि मायनं तोंड उघडलं. एव्हाना बायकोमुळं कानडी समजू लागलेल्या बसवराजनं मला नंतर त्याचा अर्थ सांगितला. "पाप मला लागू द्या, तुम्ही खावा," असं ती म्हणाली होती.

निरोप मिळताच मी गावी पोचले आणि आधी मायवरच ओरडले. सुई घेऊन उपाशी कशी राहिलीस, म्हणून.

"तूच काढून देलंस की. सूर्य, मग सुई," ती म्हणाली. "पूजेचं तुला काय सांगायचं? तू काय भाईरची हाईस?"

लातूरला माझ्या क्वार्टरमध्ये पहाटे नळ यायचा. ड्यूटी गाठायच्या घाईत मी चहाबिस्किट आधी खायला लागले होते, आणि माझी पूजा नेमकी कधी सुटली हे मलाही आठवत नव्हतं.

मी पोचायच्या आत महादेवीनं सगळं बदलून टाकलं होतं. गार राहावी म्हणून गाडग्यात ओल्या वाळूत ठेवलेली औषधाची बाटली तिनं गाडग्यासकट देवळीत, विभूतीशेजारी ठेवली होती. कपाळी विभूती लावली की सुई, आणि थोड्या वेळानं ताट. टँकर कधीही येवो. मी तिची चूक शोधत लातूरला परतले आणि डॉक्टरांना विचारलं, ते तरी नावं ठेवतील म्हणून. ते म्हणाले, "जेवण कधी ते बघूनच सुई द्यायची असते, सिस्टर. कुणाला सुचलं हे?" मी म्हणाले, "घरीच."

तेव्हापासून वॉर्डात मी पुठ्ठा दाखवण्याआधी विचारू लागले, की सकाळी काय झाल्याशिवाय तुम्ही घास घेत नाही? कुणी नमाज सांगायचं, कुणी म्हशीची धार. सुई त्याच्या मागं लावून द्यायची. पेशंट म्हणायचे, सिस्टर लई हुशार. महादेवीचं नाव मी कधी घेतलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

आता लातुरात माझं स्वतःचं घर आहे, आणि लोक मला लातूरचीच समजतात. मागच्या खेपेला गावी गेले तेव्हा मायची पूजा नुकतीच झाली होती. महादेवीनं भरलेली सिरिंज माझ्यापुढं धरली. "अक्का, आज तुम्ही द्या."

मायनं हात पदराखाली घेतला. "तिलाच देऊ दे, बाय. तुझा हात लई दुखतो."

इतक्या वर्षांत किती सुया दिल्या असतील मी, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. महादेवी ओशाळली. मी म्हणाले, बरं, मी ताट तरी वाढते, आणि उठून चुलीपाशी गेले. तिथं जाऊन उभी राहिले. भाकरीची टोपली हल्ली कुठं ठेवतात, ते मला महादेवीला विचारावं लागलं.