उजवीकडं न वळणारी गाडी

हमीदच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी लातुरात, माझ्या घरी, पंख्याच्या बटणाशी झटापट करत होतो. "चाचा, अब्बा गेले," तो म्हणाला. "बरं, बरं, ठेवतो," म्हणालो आणि खरंच फोन ठेवून पुन्हा बटणाकडं वळलो. बायकोनं विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, "हमीद गेला." आपल्याच तोंडून ऐकलं तेव्हा कळलं. मग पोराला पुन्हा फोन लावला, तर बोलायलाच येईना. आयुष्यभर मास्तरकी केली, बडबडीचा पगार घेतला, आणि ऐन वेळी हा प्रकार...

नांदेडला गेलो. ओसरीवर माणसं बसली होती. हमीदचा मुलगा म्हणाला, "चाचा, अब्बांची एखादी गोष्ट सांगा ना." मला सांगायला काय, निमित्तच लागतं. मी टायरांची गोष्ट सुरू केली. आधी कुणीतरी हलकंच हसलं, मग दुसरं, आणि थोड्या वेळानं दुखवट्याच्या घरात माणसं पोट धरून हसायला लागली. एक म्हातारे गृहस्थ तर रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "बस करा मास्तर, बस." आणि मी बस केलं. गोष्ट जिथं हसण्यावर येते तिथंच थांबवली. त्या दिवसापासून मला कुठं बूड टेकवत नाही. पेपर उघडतो, मिटतो. चहा करायला सांगतो आणि पीतच नाही. उरलेली अर्धी गोष्ट आत येरझाऱ्या घालतेय. म्हणून सगळीच लिहून काढतो.

महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती, आमच्याकडं निजामाचं राज्य अजून होतं, आणि नांदेडात मोटार दिसली की लोक दुकानातून बाहेर येऊन बघत. हमीद आणि मी शाळेपासूनचे दोस्त. वडील वारल्यावर त्यांचं अत्तराचं दुकान तो चालवायचा. मी उर्दू शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणजे पोरांना नकाशावर लंडन दाखवायचो आणि स्वतः मामाच्या देवणी गावाच्या पुढं गेलो नव्हतो. एका जहागीरदाराच्या मुलाला शर्यतीच्या गाड्यांचा षौक होता. षौक उतरला आणि गाडी स्वस्तात हमीदच्या गळ्यात पडली. फिकी निळी, बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. मागं एक झाकण होतं, ते उघडलं की तिसऱ्याला बसायची जागा निघे. तिला डिकी म्हणत. माझ्या तरुणपणाचा बराचसा भाग मी त्या झाकणात धूळ खात घालवला. हमीदच्या पायाला मुळातच भिंगरी होती. त्यात ही मिळाली. दुकानात गिऱ्हाईक अत्तराचा फाया हुंगतंय तोवर हा अर्धापूरला जाऊन केळीचा घड घेऊन परत आलेला असे.

त्याच सुमाराला त्याची अम्मी अंथरुणाला खिळली. एक दिवस डॉक्टर नाडी बघून बाहेर आले आणि हमीदला बाजूला घेऊन म्हणाले, "लातूरच्या मुलीला बोलावून घ्या. उशीर करू नका." ही हमीदची थोरली बहीण. त्याची आपा, म्हणून आम्हा सगळ्यांचीच आपा. तिच्या सासरचा रिवाज असा, की भाऊ स्वतः न्यायला आल्याशिवाय सून माहेरी पाठवायची नाही. बसचा भरवसा नव्हता. सवाऱ्या भरल्या तर सुटायची, नाहीतर ड्रायव्हर घरी जेवायला जायचा. उरली निळी गाडी. पण तिची पुढची टायरं माझ्या आजच्या टकलासारखी झाली होती. त्या टायरांवर वाटेतलं लोहा गाठलं असतं, लातूर नाही. आणि रबर सगळं लढाईनं खाऊन टाकलेलं. नवं टायर म्हणजे परमिट, परमिट म्हणजे हैदराबाद, आणि हैदराबाद म्हणजे वाट बघणं. अम्मींकडं वाट बघायला वेळ नव्हता.

मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एक व्यापारी जुनी टायरं विकायचा. हमीद म्हणाला, "माधू, तू चल. तुझ्या मामाची देवणीला बैलं हायेत. तुला पाय कळतात." आता बैलाचे पाय आणि मोटारीचे पाय यांचा काय संबंध, हे विचारायला हवं होतं. पण कुणी आपल्याला जाणकार म्हटलं की मला आजही नाही म्हणवत नाही. गेलो.

व्यापाऱ्यानं लिंबाच्या झाडाखाली मांडूनच दाखवलं. एक जोडी बारीक, नेमकी या गाडीच्याच मापाची, पण एका टायराच्या कुशीला फुगा आलेला. दुसरी, झिजलेल्या टायरावर वरून नवं रबर चढवलेली. ते रबर कडेला ओठासारखं सुटायला लागलेलं. तिसरी जोडी कुठल्याशा फौजी गाडीची, जाड, खोल नक्षीची, दणकट. "चाकाच्या कडीवर चपखल बसंल," व्यापारी म्हणाला. हमीदचा जीव बारकीवर. "पळणारी गाडी हाय यार, हिला हलके पाय पाहिजेत. फुग्याचं बघता येईल." मी म्हणालो, "सडक मुरमाची आहे. रुंद खूर असलेलं जनावरच टिकतं." आणि मग मी मामासारखा उकिडवा बसलो. व्यापाऱ्याला म्हणालो, चालवून दाखवा. त्यानं टायर अंगणातून गडगडत सोडलं. मी मागून चाल बघितली.

"हे डावीकडं झुकतंय."

"मास्तर," व्यापारी म्हणाला, "जमीन उताराची हाय."

मी दुसऱ्या बाजूनं सोडायला लावलं. मग दोन्ही टायरं शेजारी उभी करून जोड जमते का ते बघितलं. एकाच्या अंगावर गोल शिक्का होता. तो शुभ जागी आहे की अशुभ, याचाही विचार केला, कारण बैलाचा भोवरा बघितल्याशिवाय आमच्याकडं दोर हातात घेत नाहीत. व्यापाऱ्यानं शेवटी हात जोडले. "दात बी बघून घ्या." हमीद एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. "पंडत, तू म्हणशील ते. पण लौकर म्हण." मी म्हणालो, जाड. अख्खी सकाळ घालवून आम्ही त्या टायरांचं सगळं काही बघितलं, फक्त ती आमच्या गाडीत मावतात का, तेवढं सोडून. गाडी तिथंच दहा पावलांवर उभी होती. पण बैल घेताना गोठा मोजून बघतं का कुणी?

चढवल्यावर गाडी मान ताठ केलेल्या वानेऱ्या, म्हणजे काळ्या तोंडाच्या देवणी बैलासारखी रुबाबदार दिसायला लागली. हमीदनं तिच्या नाकाडावर थाप मारली, मी झाकणात बसलो, आणि आम्ही निघालो. गावाबाहेर पहिलं उजवं वळण आलं तेव्हा पुढून खर्रर्र असा आवाज झाला आणि गाडी सरळ एका ज्वारीच्या रानात जाऊन थांबली. खाली वाकून बघितलं. उजवीकडं चाक जास्त वळवलं की ते जाड टायर आतल्या एका सळईला अडत होतं. डावीकडं झकास वळत होतं. हलकं वळण असलं तर उजवीकडंही निभत होतं. मोठं वळण आलं की संपलं.

परत जाऊन टायरं बदलायची तर दिवस गेला असता. हमीदनं सळईला एक लाथ मारली, मग माझ्याकडं बघितलं. लाथ मलाही बसणार असं वाटलं. पण तो एकदम म्हणाला, "उजवीकडं वळत न्हाई ना? मग डावीकडून जाऊ." म्हणजे उजवं वळण आलं की गाडी पुढं न्यायची, एखादं मोकळं रान बघायचं आणि डाव्या अंगानं सबंध गोल घेऊन हव्या त्या वाटेला लागायचं. अशी आमची स्वारी लातुराकडं निघाली. लोह्याच्या पुढं एका बाभळीभोवती आमचा गोल चालू असताना शेताच्या बांधावरून एक म्हातारा ओरडला, "ओ साहेब! उलटी परदक्षिणा कामून घालून राह्यले?"

हमीद स्टीअरिंगवरून न उठता ओरडला, "चाचा, तुमची उलटी. आमची सुलटीच हाय!" मक्केला काब्याभोवती डावीकडूनच फिरतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. लगेच त्यानं दोन्ही कानांना हात लावून तोबा म्हटलं, आणि तेवढ्यात स्टीअरिंग सुटलं म्हणून आम्ही बाभळीला आणखी एक फेरा जास्त घातला.

अहमदपूरला मी चहाचं नाव काढलं. "अम्मी वाट बघून राहिली," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर मी झाकणातून तोंड बाहेर काढलं नाही.

लातुरात आपाच्या सासऱ्यांनी मुक्काम करायला लावला. हमीद रात्रभर अंगणात फिरत होता म्हणे. मी झोपलो होतो, मला काय माहीत. सकाळी निघालो. पुढं बुरख्यातली आपा, मागं मी. पहिले दोन गोल आपानं दाराची कड धरून काढले. तिसऱ्या गोलाला मात्र तिला राहवलं नाही.

"हमीद, गोल गोल कैकू फिरा रा रे?"

"आपा, टायरं माधूनं पसंत केली. बैलासारखी बघून."

आपानं मान मागं वळवली आणि जाळीतून मला नीट न्याहाळलं. "मंग गाडीला त्यालाच जुंपायचं ना."

नांदेड आलं तेव्हा दुपार कलली होती. हमीदचं घर बाजाराच्या सडकेवरून उजवीकडं आत जाणाऱ्या गल्लीत, आणि वळण असं की अडकित्त्याच्या तोंडासारखं. बाजारात गोल घ्यायला रान कुठलं? हमीदनं तरीही गाडी घातली. खर्रर्र झालं, आणि गाडी सडकेवर आडवी, नाक गल्लीत, शेपूट रस्त्यात. मागून केळीच्या गाड्या आल्या, त्यांच्या मागं आणखी कुणी. आरडाओरडा सुरू झाला. हमीद पुढं, मागं, पुढं, मागं करत होता. मग आपाकडं वळून म्हणाला, "तू उतर. तू जा पुढं. मी गाडी लावून आलोच."

आपा उतरली. बुरखा दोन्ही हातांनी वर धरून ती भर बाजारातून गल्लीत पळाली. तिच्या घराण्यातली बाई सडकेवर कधी पायी दिसली नव्हती. त्या वेळी एक गोष्ट घडली, ती मला अजून दिसते. कुणी काही न सांगता दोन्ही बाजूचे दुकानदार, गिऱ्हाईकं, गाडीवान, सगळ्यांनी तोंडं फिरवून भिंतीकडं केली. आपा दिसेनाशी होईपर्यंत सबंध सडक पाठमोरी उभी होती.

मग सगळे आमच्याकडं वळले. केळीवाल्यांनी बैल सोडले, धोतरं खोचली, आणि गाडीचं नाक चौघा-पाचजणांनी उचललं. मी मागून "हुशारीनं! हुशारीनं!" असं ओरडत होतो. एकजण म्हणाला, "मास्तर, तुमी आतच बसा, तुमचं वजन कामाला यील." गाडी उचलून अलगद गल्लीत ठेवली, लग्नात नवरदेव पाटावर ठेवतात तशी. टाळ्या पडल्या. हमीदला हसू फुटलं, मला फुटलं, गाडीवानांना फुटलं. कुणीतरी आम्हाला केळी दिली. आम्ही हसत, केळी हातात घेऊन, घरात शिरलो.

ओसरीवर मी इथंच थांबलो होतो.

आपा अम्मींच्या खाटेशी बसली होती. आमच्याकडं बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. अम्मींनी तिला ओळखलं होतं, तिचा हात धरला होता, नातवंडांची नावं विचारली होती. मग विचारलं, हमीद कुठंय? आपा म्हणाली, "गाडी लावून राहिला अम्मी, आला आत्ता." अम्मी "अच्छा" म्हणाल्या आणि त्यांनी दाराकडं तोंड केलं. बराच वेळ त्या तशाच होत्या, आपा सांगत होती. मग डोळा लागला. तो पुन्हा उघडला नाही. हमीद रात्र उलटून जाईस्तोवर खाटेशी उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

ज्या कामासाठी गेलो ते झालं होतं. लेकीनं आईला बघितलं होतं. टायरांसाठी हमीदनं मला कधी दोष दिला नाही. देता तर बरं झालं असतं, मी चार विनोद करून मोकळा झालो असतो. पुष्कळ वर्षांनी एकदाच म्हणाला, "माधू, गाडी कुठं पळून जाणार होती रे? तोंड दाखवून यायचं होतं." एवढंच. लगेच म्हणाला, "चल, चहा पाज."

पण त्या दिवसानंतर हमीदनं कुणाच्याही दारात आधी गाडी लावली नाही. राज्य गेलं, ती निळी गाडी गेली, जीप आली, मग स्कूटर. कुणाकडंही गेला की वाहन जिथं असेल तिथं, जसं असेल तसं, चालूच सोडायचं, धावत आत यायचं, माणूस बघायचं आणि मग परत जाऊन गाडी नीट लावायची. पोलिसांनी त्याला किती वेळा दटावलं असेल. माझ्या शाळेच्या फाटकात त्यानं जीप आडवी सोडली म्हणून मुख्याध्यापकांनी मलाच झापलं. मी लातूरला आल्यावरही तेच. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर फटफटत उभी, आणि हा उंबऱ्यात धापा टाकत. माझ्याकडं एकदा नीट बघायचा. "हाव, दिसला. थांब, गाडी लावून येतो." तोवर बायको आधण ठेवायची. म्हातारपणी मुलगा गाडी चालवायचा तरी हा गाडी थांबायच्या आधी दार उघडायचा, आणि मुलगा ओरडायचा, "अब्बा, पाय मोडंल!"

परवा दुपारी गल्लीत कुणाची तरी रिक्षा बराच वेळ चालू होती. मला पडून राहवेना. उठलो, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो, अगदी मधोमध, बाहेरून स्पष्ट दिसेन असा. रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, कुठं जायचंय?"

"कुठंच न्हाई," मी म्हणालो. "नुसता दिसून राहिलो."