एक नेमणूक, दोन पट्ट्या

देवासात एकाच उत्पन्नावर दोन दरबारांना पट्टी भरलेलं घर एकच आहे. ते आमचं. आणि भरणारी मी.

सांगायची लाज वाटते, पण सगळ्या आळीला ठाऊक झालंय, मग तुम्हीच काय पाप केलंय! त्याचं झालं असं, मामंजींना थोरल्या पातीच्या दरबारातून वर्षाला साठ रुपये नेमणूक, म्हणजे घरबसल्या तनखा होता, ते गेले नि ती ह्यांच्या नावावर आली. मागोमाग हुकूम आला, की वारसानं नेमणूक घेणाऱ्यांनी किती मिळतं ते कागदावर लिहून द्या, रुपयाला दोन पैसे पट्टी भरा, सोमवारपर्यंत कागद आला नाही तर नेमणूक बंद! साठ रुपये म्हणजे आमचं वर्षाचं धान्य नि मनूचं दूध. (मनू माझी लेक, आठ महिन्यांची. आवाज मात्र आठ वर्षांचा!)

ह्यांनी कागद लिहून ठेवला, पण कचेरी दोन दिवस बंद, नि ह्यांना मामंजींच्या कार्यासाठी नेमावरला नर्मदेवर जायचं. निघताना म्हणाले, "सोमवारी कचेरीत नेऊन दे. घाबरू नकोस."

हे घाबरू नकोस म्हणाले की मी आधी घाबरते!

आता देवासात राजे दोन, एकाच घराण्याच्या दोन शाखा, त्यांनाच पाती म्हणायचं. गाव एक, रस्ता एक, पण ह्या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी, नि कचेऱ्याही दोन. मी धारची. आमच्याकडे राजा एक, कचेरी एक, संपलं! मला आपलं वाटायचं, थोरली नि धाकटी म्हणजे भाऊ-भाऊ, एकाच्या हातात दिलं काय नि दुसऱ्याच्या दिलं काय, घरातच राहणार की! कुणाला विचारलं का? नाही. सासूबाईंना विचारलं असतं तर आईबापाचा उद्धार झाला असता. मनू कडेवर रडत होती, धाकट्या पातीची कचेरी जवळ होती. शिरले.

कारकुनानं वही चाळली. "बाई, ह्या नावाची नेमणूक आमच्याकडे नाही."

झालं! माझ्या डोळ्यापुढे रिकामी कणगीच आली. "नाही कशी? आहे! साठ रुपये!"

"अहो, पण नाव नाही..."

"मग लिहा! आत्ता लिहा!" मी रडायला लागले, मनूनं वरचा सूर धरला, पट्टेवाला बाहेरून आत आला.

"उत्पन्न आहे ना तुम्हाला?" कारकून कानावर हात ठेवून म्हणाला. "राहता आमच्याच हद्दीत ना?"

"हो हो!"

"मग नवं उत्पन्न म्हणून लिहून घेतो. भरा एक रुपया चौदा आणे."

पदराची गाठ सोडून भरले. वर त्याला आशीर्वाद दिला, हो! पावती घेऊन अशी घरी आले, जशी काही लढाई मारून आले. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "बाई, जमलं म्हणायचं तुला." चार वर्षांत पहिल्यांदा!

मंगळवारी हे आले. पावती पाहिली. मग ती उजेडात धरली.

"अगं, हा शिक्का कुणाचा?"

"दरबाराचा."

"कुठल्या?"

"म्हणजे? दरबार तो दरबार!"

हे ओट्यावर खालीच बसले. सासूबाई आतून म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, धारची सोयरीक नको!" शेजारच्या भेरूलालनं तेवढ्यात मान वर काढली, "क्यों भिया, लोग तो पट्टी से भागे, ने तमारी लाड़ी पट्टी के पाछे दौड़ी?" (लाडी म्हणजे बायको, म्हणजे मी!) आणि हसत हसत आळीत सांगायला गेला. (गेला तो थेट पार टोकापर्यंत गेला.)

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला थोरल्या पातीच्या कचेरीत उभं केलं. सतरा पुरुष, नि मी. मुदत टळलेली.

"उशीर का?" म्हाताऱ्या कारकुनानं विचारलं.

"हिलाच विचारा," हे म्हणाले.

मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. भावाभावांचंही सांगितलं. मग कोपऱ्यातून एकाला खोकला आला, मग सगळ्यांनाच! म्हाताऱ्यानं चष्मा काढून डोळे पुसले, इथली पट्टी घेतली, नि वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "नेमणूकदाराची बायको दरबार चुकली, सबब उशीर माफ. नेमणूक चालू."

नेमणूक वाचली. पलीकडचे एक रुपया चौदा आणे परत मागायला कोण जाणार? मी तर नाहीच!

यंदा सासूबाईंनी मला ह्यांच्याबरोबर धाडलं, "कचेरी कुठली ते डोळ्यांनी बघून ये एकदा." तिथे कारकून नवा. त्यानं वही उघडली, वाचलं, ओठ दाबले, नि ह्यांना हळूच विचारलं, "ह्याच का हो त्या?"

"छे, छे!" हे म्हणाले. "ती घरी आहे."

आणि मी पदर पुढे ओढून मान हलवली, "हो ना, कशी बाई असेल एकेक!"