हळद आणि जळवा

माझ्या डाव्या तर्जनीचं टोक तुटलं ते शहाळं फोडताना. टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये, आमच्या अपार्टमेंटच्या पॅटिओवर, शनिवारी सकाळी. इंडियन स्टोअरमध्ये शहाळं फोडून देतात, पण आई सहा महिन्यांसाठी आली होती आणि कोकणातल्या बाईपुढे फोडून आणलेलं शहाळं ठेवणं मला बरं दिसेना. वास्तविक गावी शहाळी बाबा फोडायचे आणि मी नुसता पेला घेऊन उभा असायचो. पण परदेशात बरीच वर्षं काढली की आपण गावी काय काय करत होतो याचे माणसाला भलतेच भास होतात. कोयता नव्हता, म्हणून मटण तोडायचा सुरा घेतला. पहिला घाव शहाळ्यावर बसला, दुसरा बोटावर.

आई स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊनच धावत आली. बोटावर हळद, तुटलेल्या तुकड्यावर हळद, पॅटिओभर हळद. बायकोने तुकडा ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातला, पिशवी बर्फावर ठेवली आणि मला गाडीत कोंबलं. इमर्जन्सीतली तरुण डॉक्टरीण ते पिवळंजर्द बोट बघून दचकली. कुठलं केमिकल सांडलंय का, असं तिने विचारलं. "टर्मरिक," बायको म्हणाली. त्यावर ती म्हणाली, मी ते दुधात घालून पिते, जखमेत घालत नाही. तिने बोट बराच वेळ धुतलं. नखाच्या कडांची पिवळी छटा मात्र गेली नाही.

सर्जनने तुकडा परत शिवला. दुसऱ्या दिवशी तो पलंगापाशी उभा राहून सगळं समजावून गेला. रक्त आत आणणारी वाहिनी त्याला जोडता आली होती, पण बाहेर नेणारी शीर इतकी बारीक की सापडलीच नाही. त्यामुळे टोकात रक्त येत राहणार आणि मोरी तुंबावी तसं तुंबणार. नव्या शिरा आपोआप तयार होईपर्यंत काही दिवस ते रक्त कुणीतरी काढत राहिलं पाहिजे, नाहीतर टोक काळं पडेल आणि कापावं लागेल. हे काम जळवा करतात. "ऐकायला मेडिईव्हल वाटतं, कल्पना आहे मला," तो खांदे उडवून म्हणाला.

पडल्या पडल्या मी त्यावर विचार केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मध्ययुगात युरोपातले वैद्य ताप आला, डोकं दुखलं, मन उदास झालं की जळवा लावायचे. आपल्याकडचे वैद्यही लावत. बहुतेक रोग्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नसेल, काही तर रक्त जाऊनच दगावले असतील. आणि इतक्या रोगांवर चुकीचा ठरलेला हा उपाय एका दुखण्यावर अगदी बरोबर निघाला. ते दुखणं त्या वैद्यांना ठाऊकच नव्हतं, कारण तेव्हा तुटलेलं बोट कुणी परत शिवत नव्हतं. मला या गोष्टीचं फार समाधान वाटलं. कुणाच्या तरी चुकीच्या उत्तराला शेकडो वर्षांनी प्रश्न सापडला होता.

जळवा फार्मसीतून यायच्या, पाण्याच्या बरणीत, बरणीला बारकोड. नर्स पन्नाशीची टेक्सन बाई होती, मला "हनी" म्हणायची. ती चिमट्याने जळू उचलून बोटाच्या टोकाला लावायची. चावा कळायचाही नाही. काळपट दोरीसारखी ती अंगठ्याएवढी फुगायची आणि आपणहून गळून पडायची. मग नर्स तिला अल्कोहोलमध्ये टाकायची. आईला ते फार लागलं. "काम झालं की मारतात?" असं तिने मला विचारलं. जळू गळाल्यावरही बोटातून रक्त ठिबकत राहायचं आणि नर्स ते ठिबकतं ठेवायची. गाठ धरली की ओल्या गॉझने पुसून काढायची. बोटाला पट्टी नाही, कारण रंग दिसला पाहिजे. खोली मुद्दाम उकडेल इतकी गरम ठेवलेली, आणि कॅफीनने शिरा आकसतात म्हणून चहा बंद. मला सगळ्यात जास्त त्रास या चहाचा झाला.

बायकोला सुट्टी नव्हती, त्यामुळे दिवसभर आई खुर्ची टाकून बसायची. इंग्रजी येत नाही, टीव्ही समोर चालू, आणि डोळे माझ्या बोटावर. "अरे, रक्त थांबवायचं सोडून वाहतं काय ठेवतात?" असं तिने दहादा विचारलं आणि मी दहादा समजावलं. तिने मान हलवली. आमच्या घरात मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे.

पहिले दोन दिवस जळवा मुकाट्याने चिकटल्या. मग चिकटेनाशा झाल्या. नर्सने एक लावली, ती वळवळली, बोटाला तोंड लावलं आणि मागे फिरली. दुसरी आणली, तीही तशीच. नर्सने बोटावर साखरेचं पाणी लावलं, सुईने टोचून रक्ताचा थेंब काढला. तिसरी घसरून चादरीवर पडली. बोट वांग्यासारखं जांभळं झालं होतं. सर्जन आला, त्याने बोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, संध्याकाळपर्यंत या चिकटल्या नाहीत तर टोक वाचणार नाही.

मी ते आईला मराठीत सांगितलं. सर्जन दाराशी पोचला तेव्हा ती म्हणाली, "त्याला सांग, मी हळद लावली."

"कधी?"

"तू झोपलास की. देवीची पुडी आहे ना पर्समध्ये, त्यातली. सारखं रक्त वाहत होतं रे. मला बघवेना."

नखाच्या आधीच पिवळ्या कडांवर आणखी चिमूटभर पिवळं कुणाला दिसणार? मला एकदम गावचा गोठा आठवला. म्हशीला जळू लागली की आई जळवेच्या तोंडाशी हळद टाकायची आणि जळू पटकन सोडायची.

"आई, तुला माहीत होतं हळदीने जळू सुटते."

"होतं." तिने पदराने तोंड पुसलं. "म्हणूनच लावली. तुझं रक्त पीत होत्या."

मला राग आला, आणि तो मी गिळलाही नाही. "अगं, बोट जाईल! दोन दिवस घसा फोडून काय सांगत होतो मी?"

"मला वाटलं, डॉक्टर घाबरवतात," ती म्हणाली. "घाबरवतातच ना रे ते?"

मी सर्जनला सांगितलं. त्याने नर्सला बोट धुवायला सांगितलं. नर्स कोमट सलाईनचं भांडं घेऊन आली आणि गॉझमागून गॉझ बदलत बोट पुसत राहिली. गॉझ आधी पिवळे निघाले, मग फिकट, मग नुसते लाल. आई उठून मदतीला आली तेव्हा नर्सने हात आडवा धरला आणि मला म्हणाली, हनी, मॉमला सांग, बोटाला हात लावायचा नाही. मी सांगितलं. आई खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

नर्सने बरणीतून चौथी जळू काढून लावली. ती बोटाच्या टोकावर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मला तेव्हा खरोखर भीती वाटली. सुरा लागला तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

आई खुर्चीतूनच पुढे वाकली, हात तसेच मांडीखाली. "पी गं बाई," ती जळूला म्हणाली. "लाव तोंड. पी, माझी शहाणी ती. पी."

जळूने तोंड टेकलं आणि ती हलायची थांबली. थोड्या वेळाने तिचं अंग फुगू लागलं. नर्सने मला विचारलं, मॉम काय म्हणतेय? मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. जळू गळून पडेपर्यंत आई तिच्याशी बोलत होती, मला लहानपणी भरवताना बोलायची त्याच आवाजात.