कोंडावरची वाट

जाळ्याची कड दातात धरूनच ती बोलायची. पेणच्या बाजारात माझं दोरखंड आणि जाळ्यांचं दुकान आहे. तिथे आली की ती नवा पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, उचलायची, अर्धा कोपरावर घ्यायची, कड दातात पकडायची आणि भर दुकानात पवित्रा घ्यायची. गिऱ्हाइकं आपोआप भिंतीला चिकटत.

"मावशे, इथे नको टाकू," मी ओरडायचो.

"टाकत नाय. वजन बगतंय," ती दातांतून म्हणायची. मग कड सोडून माझ्याकडे बघायची. "शिसा कमी हाय, शेट. माशाच्या आदी वाराच नेल याला."

तुम्ही खाडीकाठी पाग टाकणारे पुरुष पाहिले असतील. कमरेभर पाण्यात उभं राहून ते जाळं असं भिरकावतात की ते हवेत गोल उघडतं आणि ताटासारखं पाण्यावर बसतं. बायका पाग टाकत नाहीत. त्या चिखलात हात घालून चिंबोऱ्या काढतात, निवट्या पकडतात. हिचा नवरा त्या टापूतला नावाजलेला पागवाला होता. धरमतरला बार्जवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी खाडीत असायचा. पुढे त्याची नजर गेली. आधी धूसर झाली, मग पुरतीच विझली. पाग खुंटीला लागला. हिने तो उतरवला.

शिकली ती खळ्यावर, कोरड्या जमिनीवर. सुरुवातीला तिचा पाग धुतलेल्या लुगड्याच्या पिळ्यासारखा धपकन पडायचा. नवरा ओटीवर बसून आवाजावरून सांगायचा, "नाय उघडला. परत." गावातले पुरुष हसत. एकदा पाग असा सुंदर उघडला, की शेजारणीच्या तीन कोंबड्या आणि कोंबडा त्याखाली आला. शेजारीण शिव्या देत धावली. ही म्हणाली, "थांब गो, आदी बगू दे तरी किती गावलं."

पण तिला हवा होता जिताडा. पेणकडच्या माणसाला जिताडा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या मिळणीला राहणारा, रुपेरी, जाड पाठीचा मासा. मोठा जिताडा दमदार आणि हुशार. तो यायचा गावापलीकडच्या कोंडात. खाडी तिथे तिवरांच्या आड वळते आणि वळणाच्या पोटात खोल डोह आहे. भरती चढू लागली की बोयटांच्या, म्हणजे लहान माशांच्या थव्यामागे जिताडा कोंडात शिरतो.

कोंडावर जायची वाट खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावरून होती. मग बांधाच्या आतली शेतं विकली गेली आणि तिथे एक फार्महाऊस झालं. मालक शनिवार-रविवारी येणारे. त्यांनी जमिनीला कुंपण घातलं ते थेट बांध पोटात घेऊन, अगदी भरतीच्या रेषेपर्यंत. बांधावर मोठं गेट बसलं. कोंडासमोरही कुंपणाच्या जाळीत एक लहान फाटक केलं, पाहुण्यांना पाणी बघता यावं म्हणून. दोन्हींना कुलूप.

गेटवर राखणीला रोह्याकडच्या गावातला एक माणूस होता. तो बिचारा हात जोडायचा. "मावशे, तुला सोडली तर माझी नोकरी जाईल गो."

त्याच्याशी ती कधीच भांडली नाही. "तुज्या पोटावर पाय देऊन मना मासा नको," एवढंच म्हणाली. गावातल्या बाकीच्या बायकांनी तिकडे जाणं सोडलं. हिने नाही. कुंपण जिथे संपतं त्याच्या पुढे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातून ती जाऊ लागली. चिखल मांड्यांपर्यंत. त्यासाठी तिने जुन्या दाराची फळी घेतली होती. एक गुडघा फळीवर टेकवायचा, दुसऱ्या पायाने रेटा द्यायचा आणि घसरत पुढे जायचं. कोणी विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "पानी सरकारचा, पाय माझं. तिसरा कोन हाय मदी?"

एक पूर्ण हंगाम ती अशी गेली. दोनदा जिताड्याने पाग फाडला. दोन्ही वेळा ती दुकानात आली, सूत घेऊन गेली आणि नवऱ्याने बोटांनी चाचपडत जाळं सांधून दिलं. तिसऱ्यांदा तिने नवा पाग घेतला आणि मला म्हणाली, "शेट, इतकी वर्सं जाली विकतांव. पान्यान पडताना बगितलाव कंदी?"

नव्हतं बघितलं. पुढच्या रविवारी दुकानाला सुट्टी होती. मी गेलो.

चिखलातला माझा प्रवास सांगण्यासारखा नाही. एक चप्पल तिथेच राहिली. कोंडाशी पोचल्यावर आम्ही तिवरांच्या मुळांवर बसून राहिलो. भरती लागली. ती उठली, कड दातात धरली आणि पुतळ्यासारखी उभी राहिली. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. मी काही बोलणार तेवढ्यात समोर बोयटं उडाली आणि पाग सुटला. गोल, पूर्ण उघडलेला.

पुढचा काही वेळ मला फक्त तिची पाठ दिसत होती. दोर ताणलेला, मासा खोल ओढतोय आणि ती एक-एक पाऊल मागे येतेय. ओढला नाही, दमवला तिने त्याला. शेवटी जाळ्यात गुंडाळलेला जिताडा तिने मुळांशी आणला, तेव्हा तो तिच्या हाताएवढा लांब भरला. मी आनंदाने ओरडलो आणि मागे वळून पाहिलं. चिखल नाहीसा झाला होता. सगळीकडे पाणीच. फळी तरंगत खाडीच्या मध्यावर पोचली होती.

माझं ओरडणं ऐकून मालक कुंपणाच्या जाळीपाशी आले. हातात चहाचा कप. माणूस वाईट नव्हता. आम्हाला पाहून घाबरलाच. "अहो, बुडाल! या इकडे, जाळीवर चढा, मी हात देतो."

मी पाय जाळीवर ठेवलाही.

"शेट, पाय खाली," ती म्हणाली.

पाणी तिच्या छातीशी आलं होतं. एक हात तिवराला, दुसऱ्यात मासा.

"फाटक उघडा," ती मालकांना म्हणाली.

"किल्ली वर घरात आहे. वेळ जाईल. आधी चढा तर!"

"आना किल्ली. मी हाय हितं."

"मावशे, वेडी का तू?" मी म्हणालो. माझे दात वाजत होते.

ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "आज कुंपनावरशी चढले, तं उद्या आमचे बायांना चोरच बोलतील. आजे-पंजे या बांधावरशी गेलं. मी फाटकानशीच जानार."

मालक धावत गेले. तो वेळ किती होता मला माहीत नाही. पाणी माझ्या बगलेत शिरलं, मासा अधूनमधून उसळत होता आणि ती त्याला लहान मुलाला दटावावं तसं म्हणत होती, "गप रे, गप." पाणी तिच्या खांद्याला लागलं तेव्हा राखणदार किल्ली घेऊन पळत आला.

फाटक उघडलं. ती पाण्याबाहेर आली, पदर पिळला आणि पाठीवर पाग टाकून बांधावरून चालू लागली. मालक मागून म्हणाले, "मासा देणार का? म्हणाल ती किंमत."

"नाय. घरी मानूस वाट बगतंय." मोठ्या गेटपाशी थांबून ती मागे आलेल्या मालकांना म्हणाली, "उद्या बाया येतील. गेट उगडाच ठेवा."

घरी तिने जिताडा नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. त्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, कल्ल्यात बोटं घातली. मग म्हणाला, "पाग कुठं फाटला?"

"नाय फाटला."

"खोटी," तो म्हणाला आणि हसायला लागला. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने पदराने ते पुसलं आणि चुलीकडे गेली.

गेट काही दिवस उघडं राहिलं, मग पुन्हा बंद झालं. तेव्हा ती गावातल्या बायकांना घेऊन पेणला तहसीलला आली. एकदा नाही, येतच राहिली. साहेब नाहीत म्हटलं की पायरीवर बसायची. शेवटी मोजणी झाली. बांध सरकारी निघाला. मालकांनी कुंपण मागे घेतलं, कुरकुरत, पण घेतलं.

नवरा गेल्यावर तिचा धाटावला कंपनीत शिफ्ट करणारा मुलगा तिला रोह्याला घेऊन गेला. दीड वर्षानंतर तिथेच ती थोड्या आजाराने गेली. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

त्यानंतर एका रविवारी मी बांधावरून कोंडावर गेलो. बायका चिंबोऱ्या काढत होत्या. भरती लागली तशा त्या टोपल्या घेऊन वर आल्या. तेवढ्यात कोंडात काहीतरी मोठं उसळलं, रुपेरी पाठ दिसली आणि बुडाली. सगळ्या थबकल्या. कोणाकडेच पाग नव्हता. पाण्यावरची वर्तुळं पसरत तिवरांच्या मुळांपर्यंत पोचली. मग एक म्हातारी टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "चला गो," आणि आम्ही सगळे बांधावरून परत निघालो.