अण्णा घरात नाहीत

आईला वृद्धाश्रमात मी टाकलं नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. कुणी विश्वास ठेवला नाही. समोर अण्णा होते ना! माझे थोरले भाऊ, युनिव्हर्सिटीत नीतिशास्त्राचे प्रोफेसर. मी चौथी पास, नवरा गेल्यापासून धारवाडजवळ रायापूरच्या त्यांच्या घरी रांधते. अण्णा कधी खोटं बोलत नाहीत, असं अख्खं धारवाड म्हणतं. खरंच बोलत नाहीत. लोकांच्या घरी लोणची साठतात, आमच्याकडे त्यांचं हे खरं साठलंय.

*

वर्गणीवाले आले की अण्णा मागच्या दारानं परसात जायचे, कढीपत्त्याखाली उभे राहायचे.

"सुमी, सांग त्यांना, अण्णा घरात नाहीत."

"आहात की."

"उंबऱ्याच्या आत आहे का मी?"

नव्हते.

*

डिपार्टमेंटात वरच्या साहेबांच्या जावयाला चिकटवायचं चाललं होतं. बिनकामाचा माणूस. विरोध करणार म्हणून अण्णा आठवडाभर घरात गरजले. मीटिंगमध्ये हात वर करायची वेळ आली, तेव्हा उठून बाथरूमला गेले.

"मी काही त्याला मत दिलं नाही," संध्याकाळी भाकरी मोडत म्हणाले.

पुढच्या वर्षी हेड झाले.

*

गिरिजा त्यांच्याकडे पीएचडी करायची. तिचा अख्खा चॅप्टर अण्णांच्या पुस्तकात छापून आला. पोरगी आमच्या पायरीवर रडत बसली.

"सर, हे मी लिहिलंय."

"तू लिहिलं नाहीस, असं मी कुठं म्हटलं?"

वर मला म्हणाले, तिला चहाबरोबर बिस्किटं पण दे.

*

मग आई अंथरुणाला खिळली. सारखी हाका मारायची, अण्णांचं लिहिणं अडायचं. त्यांनी हुबळीत एक आश्रम बघून ठेवला.

"सुमी, आईला तू सांग."

"मी नाही सांगणार."

"मग तुम्हा दोघींचीच सोय तिथं होते का, विचारतो."

मी सांगितलं. आई म्हणाली, "अण्णाला बोलाव."

परसातला कढीपत्ता मला खिडकीतून दिसत होता.

"अण्णा घरात नाहीत," मी म्हटलं.

*

महिन्यानं हुबळीत अण्णांचं भाषण होतं, आईवडिलांविषयीच्या कर्तव्यावर. सत्काराची शाल अंगावर तशीच घेऊन ते आश्रमात आले. मी मागं डबा घेऊन. आईनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

तिथली बाई कौतुकानं बघत होती. म्हणाली, "अज्जी, एवढा सोन्यासारखा मुलगा असताना तुम्हाला इथं आणून टाकलं कुणी?"

अण्णा छताकडं बघत उभे.

"हा त्या दिवशी घरात नव्हता गं," आई म्हणाली. "सुमीनं."