थोरलीच्या शेपटीजवळचं कुंकू

आमची विमान कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन होणार, हे बारामतीच्या धावपट्टीवर आम्हाला कुणी सांगितलं नाही. फक्त यादी मागितली. शेडमध्ये काय काय आहे आणि त्यातलं काय विकता येईल. नवे वैमानिक ज्यांच्यावर शिकायचे ती चार छोटी विमानं, दोन जादा इंजिनं, रेडिओ, शिड्या, पंखे, कपाटं. यादी मी केली, कारण कागद माझ्याकडे असायचे. प्रत्येक विमानाच्या जन्मापासूनच्या नोंदी ठेवणं हेच माझं काम. पंख्यांच्या खाली मी स्वतःची खुर्ची लिहिली. तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, पुढची ओळ लिहिली.

आमच्यातले सगळ्यात जुने मेकॅनिक कळंबचे. त्यांना सगळेच तात्या म्हणायचे, साहेबसुद्धा. ते म्हणाले, "लगीन ठरलं की लोकं घर रंगवत्यात. ही तर घर इकाय निघाली." आम्ही हसलो. हसायची सवय होती म्हणून.

मोठ्या कंपनीला शिकवणीची विमानं नको होती. दक्षिणेकडच्या एका फ्लाइंग स्कूलनं चारही घ्यायची ठरवली, आणि त्यांची एक अट होती: ज्या विमानाची देखभाल ज्या मेकॅनिकनं केली, तोही सोबत हवा. म्हणजे विमान विकलं गेलं तर मेकॅनिकची नोकरी राहणार, नाहीतर घरी. तात्यांचं विमान सगळ्यात जुनं, त्याला आम्ही थोरली म्हणायचो. तात्यांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती आणि ते एवढ्या लांब जायला एका पायावर तयार होते. भाषेचं काय, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "इंजनाची भाषा तीच असती की."

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरची, आमच्याकडे विमानांची. शेडमध्ये बाईमाणूस मी एकटीच, म्हणून ओवाळायचा मान माझा. पहिल्या वर्षी मी विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हळदीकुंकू लावायला गेले तर साहेब अंगावर आले. पंख्याला नाही, काचेला नाही, हवेचा वेग मोजायच्या नळीला नाही. मग लावायचं कुठं? प्रत्येक विमानाच्या शेपटीजवळ एक छोटी पट्टी ठोकलेली असते, त्यावर त्याचा कारखान्यातला नंबर असतो. मी म्हटलं, जिथं नाव तिथं कपाळ. मानाचं कुंकू थोरलीच्या त्या पट्टीला लावलं. दुसऱ्या दिवशी ते निघेना, तेव्हा घरी वडगावला पितळेची समई घासते तशी चिंच लावून पट्टी घासली. लख्ख निघाली. मला फार बरं वाटलं. असं मी नऊ वर्षं केलं.

खरेदीदाराचा तपासनीस आला. चष्मा कपाळावर ढकलून तो प्रत्येक पट्टीचा नंबर कागदाशी ताडून बघत होता. बाकी तिघींचे आकडे पत्र्यात खोल ठोकलेले होते. थोरलीचे नुसते वरवर उमटवलेले. तो वाकला, बोट फिरवलं, टॉर्च मारला. पट्टी आरशासारखी कोरी होती. रजिस्टरात नंबर होता, पण तो मी दरवर्षी मागच्या पानावरून उतरवत आले होते, पट्टीकडे बघून नव्हे. कागद म्हणतो ते विमान हेच कशावरून, असं त्यानं शांतपणे विचारलं. नवी पट्टी मागवता आली असती, पण परदेशातल्या कारखान्याची परवानगी यायला काही महिने लागले असते, आणि कंपनीला विलीनीकरणाच्या आत सगळं मोकळं करायचं होतं.

"ही घासली कुणी?" साहेबांनी विचारलं.

"मीच," तात्या म्हणाले. "इमान धुताना घासली असंल."

मी तिथंच उभी होते, रजिस्टर छातीशी धरून. बोलले असते तर मोठी कंपनी ज्यांना ठेवून घेणार होती त्यांच्या यादीतून माझं नाव गेलं असतं, एवढं मला चटकन कळलं. दुसरं काही कळलं नाही. तात्यांना खरंच तसं वाटत असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि पान उलटलं.

तीन विमानं आपापल्या मेकॅनिकांना घेऊन गेली. अख्ख्या थोरलीला गिऱ्हाईक आलंच नाही. तिचं इंजिन वेगळं विकलं, रेडिओ वेगळे, चाकं वेगळी. पंख उतरवायला तात्याच होते, कारण तिचे बोल्ट कुठं अडतात ते त्यांनाच माहीत. प्रत्येक बोल्ट त्यांनी कापडात गुंडाळून डब्यात ठेवला, जणू परत लावायचा आहे. मी शेजारी बसून चिठ्ठ्या लिहीत होते. डावा पंख. उजवा पंख. दुपारी आम्ही दोघांनी डबा खाल्ला. त्यांनी मला शेंगदाण्याची चटणी वाढली. मी खाल्ली.

आता मी पुण्यात मोठ्या कंपनीच्या ऑफिसात जुन्या नोंदी संगणकावर चढवते. काम चांगलं आहे. वर्षभर मला कशाचं काही वाटलं नाही. लोक सिनेमाला न्यायचे, मी जायचे. घरी विचारायचे, बरी आहेस ना, मी हो म्हणायचे.

पुढच्या खंडेनवमीला ऑफिसात सगळ्यांना पेढा वाटला, कॉम्प्युटरला एकेक झेंडूचं फूल वाहिलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून इंदापूरची एसटी धरली आणि उतरून कळंबला गेले. तात्या अंगणात ट्रॅक्टर धूत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. आत बघून म्हणाले, "ताट आण गं, ओवाळणारी आली."

मी ट्रॅक्टरला ओवाळलं. कुंकवाचं बोट कुठं टेकवावं ते कळेना, हात तसाच वर राहिला. तेव्हा दिसलं, इंजिनाच्या कडेच्या नंबराच्या पट्टीवर त्यांनी आधीच कागदी टेप चिकटवून ठेवली होती.

"तितं नगं, पोरी. बॉनेटवर लाव," ते म्हणाले. "अन् उद्या पुसाय चिंच नगं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तुमाला ठावं हुतं?"

"नऊ वरसं बगत हुतो की. चकाकायची, तर मला बी बरं वाटायचं."

मी कुंकू बॉनेटवर लावलं आणि तिथंच, ताट हातात धरून, रडायला लागले. तात्या नारळ फोडायला दगड शोधत होते.